विद्यापीठ ग्रंथालये व संशोधन-शिक्षण, मराठवाड्यातील

विद्यापीठाच्या ग्रंथालयातील साधनांच्या आधारे एखाद्या विषयाचा शोध कसा घ्यावा, याचे विद्यार्थ्यास दिलेले पद्धतशीर शिक्षण. ग्रंथतालिका पाहणे, सूची व निर्देश वापरणे, मूळ साधन आणि दुय्यम साधन यांतील भेद ओळखणे, एका संदर्भावरून दुसऱ्याकडे जाणे, टिपणे घेणे आणि आधाराचा प्रामाणिक उल्लेख करणे, या सर्व गोष्टींचा त्यात अंतर्भाव होतो. ग्रंथसंग्रह आणि हे शिक्षण यांची वाढ बरोबरीने होतेच असे नाही. संग्रह अनुदानातून उभा राहतो. शिक्षण मात्र कोणीतरी विद्यार्थ्याजवळ बसून द्यावे लागते. मराठवाड्यात या दोहोंमधील अंतर विशेष जाणवते. येथे विद्यापीठच उशिरा आले, आणि प्रदेशाच्या इतिहासाची साधने परक्या लिपींत व परक्या राज्याच्या राजधानीत राहिली.

हा इतिहास एखाद्या गावाच्या दृष्टीने पाहिला, तर अधिक स्पष्ट होतो. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव त्या दृष्टीने सोयीचे आहे. गाव जागचे हलले नाही. पण विसाव्या शतकात ते हैदराबाद, द्वैभाषिक मुंबई व महाराष्ट्र अशा तीन राज्यांत, परभणी व हिंगोली अशा दोन जिल्ह्यांत आणि उस्मानिया, मराठवाडा व स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा अशा तीन विद्यापीठांच्या क्षेत्रांत मोडत गेले. तेथील विद्यार्थ्यास आपल्या भागाविषयी काही शोधावयाचे झाल्यास या प्रत्येक बदलाची खूण ग्रंथालयाच्या तालिकेत आडवी येते.

पूर्वपीठिका : मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरील ही विद्यापीठे परीक्षा घेत व पदव्या देत. अध्यापन महाविद्यालयांत होई. त्यामुळे विद्यापीठास स्वतःच्या ग्रंथालयाची निकड प्रारंभी भासली नाही. मुंबई विद्यापीठास प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालयाची वास्तू व राजाबाई मनोरा लाभला (१८७८). मनोऱ्याची कीर्ती मात्र आतील ग्रंथांपेक्षा अधिक झाली. भारतीय विद्यापीठ अधिनियमाने (१९०४) विद्यापीठांवर अध्यापन व संशोधन यांची जबाबदारी टाकली आणि संलग्न महाविद्यालयांस ग्रंथालय असण्याची अट घातली, तेव्हा या प्रश्नाला प्रथमच वैधानिक रूप आले.

विद्यार्थ्याला ग्रंथालयात संशोधन शिकवावे, ही कल्पना पाश्चात्त्य विद्यापीठांत एकोणिसाव्या शतकात रुजली. जर्मनीत लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) हा इतिहासकार मोजक्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून मूळ कागदपत्रांची चिकित्सा करवून घेई. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचा ग्रंथपाल रेमंड डेव्हिस याने १८७९ मध्ये ग्रंथालयाच्या उपयोगावर व्याख्याने सुरू केली. भारतात या विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी केली. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे (१९३१) आणि द्विबिंदू वर्गीकरण (१९३३) ही त्यांची कार्ये सर्वश्रुत आहेत. त्या मानाने संदर्भसेवेवरील त्यांच्या लेखनाकडे आपल्याकडे कमी लक्ष गेले. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास ग्रंथालयाची रीतसर दीक्षा द्यावी व ते काम ग्रंथपालाच्या कर्तव्यांतच मोजावे, असा त्यांचा आग्रह होता. [→ ग्रंथालयशास्त्र].

उस्मानिया विद्यापीठाचा कालखंड : हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. आधुनिक ज्ञानशाखांचे उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून, देण्याचा हा पहिला मोठा प्रयोग होय. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतर विभाग (दार-उल्-तर्जुमा) उघडण्यात आला आणि पाठ्यग्रंथांचे उर्दू अनुवाद मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले. मराठवाड्यात औरंगाबाद येथे १९२३ पासून इंटरमीजिएट महाविद्यालय होते. पुढील शिक्षणासाठी मात्र हैदराबादला जावे लागे. परभणी जिल्ह्यातील खेड्यांमधून तेथवर पोचणारे विद्यार्थी थोडे, आणि पोचलेल्यांना मातृभाषा सोडून उर्दूत शिकावे लागे. या धोरणाविषयी मराठी, तेलुगू व कन्नड भाषिकांत असंतोष होता. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या व औरंगाबादच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाल्यावर विद्यार्थ्यांनी सत्याग्रह केला. अनेकांना काढून टाकण्यात आले व त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. शिक्षण पुरे करण्यासाठी विद्यापीठ, ग्रंथालय आणि अध्ययनाची भाषा एकाच वेळी बदलण्याची पाळी या पिढीवर आली.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. संस्थानच्या दप्तराची भाषा आधी फार्सी व नंतर उर्दू होती. उस्मानियात शिकलेला मराठी विद्यार्थी ते कागद निदान वाचू शके. हैदराबाद येथील आसफिया ग्रंथालय (स्थापना १८९१) अरबी, फार्सी व उर्दू ग्रंथांसाठी नावाजलेले होते आणि संस्थानच्या दप्तरखान्यात शाहजहान व औरंगजेब यांच्या कारकीर्दींतील दख्खनविषयक कागदांचा फार मोठा संग्रह होता. हैदराबादच्या मुलकी सेवेत असलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–९४) यांनी फार्सी व उर्दू साधने मराठी इतिहासलेखनात आणली, त्यामागे या वातावरणाचा वाटा होता. मराठी विषयापुरते पाहिल्यास, उस्मानियात अध्यापन करणारे ना. गो. नांदापूरकर यांनी मुक्त-मयूरांची भारते या प्रबंधात मुक्तेश्वर व मोरोपंत यांच्या काव्यांचा तुलनात्मक अभ्यास केला. उर्दू माध्यम गेले हे न्याय्यच झाले. परंतु त्याबरोबर उर्दू-फार्सी वाचण्याची क्षमताही मराठवाड्याच्या विद्यार्थिवर्गातून एका पिढीत जवळजवळ नाहीशी झाली आणि तिची भरपाई नव्या अभ्यासक्रमांनी केली नाही. या लोपाचे मूल्यमापन अद्याप नीट झालेले नाही.

विद्यापीठाबाहेर वाचनाची भूक भागविण्याचे काम सार्वजनिक वाचनालयांनी केले. परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या संस्था विसाव्या शतकाच्या प्रारंभी निघाल्या. संस्थानी राजवटीत मराठी वृत्तपत्रे व ग्रंथ यांचा आसरा म्हणून त्यांचे महत्त्व मोठे आहे. संशोधनाची सोय हे त्यांचे उद्दिष्ट मात्र नव्हते.

महाविद्यालयांची स्थापना : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० मध्ये, मराठवाड्यात दोन महत्त्वाची महाविद्यालये निघाली. नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने पीपल्स महाविद्यालय सुरू झाले आणि औरंगाबाद येथे भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ग्रंथालयाच्या आधारे संशोधन कसे होते, याचे मराठी भाषिकांतील सर्वांत ठळक उदाहरण स्वतः आंबेडकरांचेच आहे. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात (१९१३–१६) आणि नंतर लंडन येथे त्यांनी अर्थशास्त्राचे अध्ययन केले. लंडनमध्ये ब्रिटिश म्यूझियम, इंडिया ऑफिस व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांच्या ग्रंथालयांत ते दिवसचे दिवस बसत. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध (प्रकाशन १९२५) आणि रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ (१९२३) यांचा पाया शासकीय अहवाल, अर्थसंकल्प व समित्यांचे वृत्तांत हा आहे. सामान्य वाचक ज्या नीरस कागदांना हात लावीत नाही, त्यांतून वादाचा निर्णायक पुरावा काढण्याचे कौशल्य त्यांनी ग्रंथालयात कमावले होते. ग्रंथालयांत असे आयुष्य घालविलेल्या माणसाने मराठवाड्यासारख्या मागास भागात महाविद्यालय काढावे, याला केवळ परोपकाराहून अधिक अर्थ आहे.

मराठवाडा विद्यापीठ : डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) ग्रंथालय हे विद्यापीठाच्या सर्व कार्याचे केंद्र मानले आणि अंदाजपत्रकाच्या ६·२५ टक्के अथवा दर विद्यार्थ्यामागे ४० रु. ग्रंथालयावर खर्चावेत, अशी शिफारस केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. या शिफारशी ताज्या असतानाच औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी हे त्यापूर्वी मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव होते व त्या विद्यापीठाचा इतिहासही त्यांनी लिहिला होता. नव्या विद्यापीठात जुन्या विद्यापीठांच्या उणिवा टाळण्याची संधी होती. परंतु ग्रंथसंग्रह शून्यातून उभारावयाचा होता आणि संलग्न महाविद्यालये पाच जिल्ह्यांत विखुरलेली होती. परभणी वा नांदेड येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यास औरंगाबादचे ग्रंथालय गाठणे म्हणजे मुक्कामाची तयारी करणे होते.

मराठी विभागात यू. म. पठाण यांच्यासारख्या अध्यापकांनी फार्सी व मराठी यांच्या संबंधांचा अभ्यास केला. मराठी बखरींतील फार्सीचे स्वरूप हा त्यांचा विषय, वर सांगितलेला तुटलेला धागा पुन्हा जोडणारा होता. विद्यापीठास आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांवर अत्याचार झाले व प्रदीर्घ आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. ग्रंथालयाच्या तालिकांमध्ये त्यामुळे एकाच संस्थेचे प्रबंध दोन नावांखाली आढळतात.

तालिका व तिचे शिक्षण : संगणक येण्यापूर्वी विद्यार्थ्याची ग्रंथालयाशी पहिली भेट तालिकेच्या खणांशी होई. प्रत्येक ग्रंथासाठी लेखक, शीर्षक व विषय अशी निरनिराळी पत्रे केलेली असत आणि त्यांच्या कोपऱ्यात मागणी क्रमांक दिलेला असे. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१·४६ या अंकाखाली येते. हा एक अंक ठाऊक असला की विद्यार्थी थेट त्या फळीपाशी जाऊ शकतो व शोधलेल्या ग्रंथाच्या शेजारचे, न शोधलेले ग्रंथही त्याच्या दृष्टीस पडतात. हा लाभ मुक्तप्रवेश पद्धतीचा. जेथे कपाटे बंद असत व चिठ्ठी देऊन ग्रंथ मागवावा लागे, तेथे विद्यार्थी ज्याचे नाव ठाऊक आहे तेवढेच मागू शके. न ठाऊक असलेल्या ग्रंथाची चिठ्ठी लिहिणार कशी?

वर्णक्रमाचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. अनेक मराठी कोशांत क्ष व ज्ञ ही अक्षरे वर्णमालेच्या शेवटी येतात. संगणक त्यांना क आणि ज यांच्या जोडाक्षरांत धरतो. रोमन लिपीत केलेल्या तालिकांमध्ये एकाच आडनावाची दोन-तीन रूपे आढळतात. नवख्या विद्यार्थ्यास ग्रंथ सापडत नाही, तेव्हा तो नाही असे समजून तो परत फिरतो. तो दुसऱ्या अक्षराखाली आहे हे सांगावयास संदर्भ विभागात माणूस लागतो. एखाद्या ग्रंथालयात संशोधन शिकविले जाते किंवा नाही, हे त्या माणसाच्या असण्यानसण्यावरून ओळखता येते.

तालिका ही एका ग्रंथालयापुरती असते. तिच्यापलीकडे पाहण्यासाठी सूची लागते. मराठीचे भाग्य असे की, शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूचीचे मोठे काम केले. पहिल्या भागात (१९४४) १८०० ते १९३७ व दुसऱ्यात (१९६१) १९३८ ते १९५० या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद आहे. नियतकालिकांतील लेखांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रसिद्ध केलेली, १८०० ते १९५० या काळाची सूची (१९६९) उपलब्ध आहे. मराठी विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्याने आपला विषय निश्चित करण्यापूर्वी या दोन सूची उलटून पाहाव्यात, हे कोणत्याही मार्गदर्शकाचे पहिले वाक्य असावयास हवे. त्याऐवजी पूर्वीच्या एखाद्या प्रबंधाची संदर्भयादीच पुढील प्रबंधाचा आरंभबिंदू होते व तीतील चुकाही वारशाने पुढे जातात.

स्थानिक विषयाचा शोध : डोंगरकड्याच्या परिसरातील शेतीचा किंवा बाजाराचा इतिहास हा विषय एखाद्या विद्यार्थ्याने घेतला, असे समजू. ‘हिंगोली जिल्हा’ या शब्दांनी त्याने शोध आरंभिला, तर १ मे १९९९ पूर्वीचे जवळजवळ काहीच हाती लागणार नाही. कारण त्या दिवशी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. १९९१ पर्यंतच्या जनगणनांत हे गाव परभणी जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्याच्या ग्रामसूचीत पाहावे लागते. हिंगोली जिल्ह्याखाली ते २००१ च्या जनगणनेपासून येते. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेली परभणी जिल्ह्याची इंग्रजी दर्शनिका (१९६७) हा त्याचा पहिला आधारग्रंथ. त्यामागे गेल्यास इंपीरियल गॅझेटिअरच्या एकोणिसाव्या खंडातील (१९०८) परभणीवरील नोंद. आणि त्याही मागे गेल्यास सय्यद हुसेन बिलग्रामी व विल्मट यांनी निझामाच्या राज्याविषयी १८८० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केलेले वर्णन. हिंगोली येथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. त्यामुळे त्या नगराविषयीची काही माहिती ब्रिटिश लष्करी व रेसिडेन्सीच्या कागदांत विखुरलेली आहे, हे ध्यानात यावयासही कोणीतरी सुचविणारे लागते.

राज्य बदलले तसे दप्तरही विभागले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. परंतु संस्थानच्या मध्यवर्ती कार्यालयांचे जुने कागद मोठ्या प्रमाणात हैदराबादेतच राहिले. आज ते तेलंगण राज्याच्या पुराभिलेखागारात आहेत. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाची औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथेही शाखा आहे. कोणता कागद कोठे, हा प्रश्न सोडविण्यातच नवशिक्याचे पहिले काही महिने जातात. ते वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. साधनांचा पत्ता काढता येणे हाच संशोधन-शिक्षणाचा मोठा भाग आहे.

हळद किंवा केळी यांसारख्या पिकांचा विषय असेल, तर आणखी एक वळण घ्यावे लागते. कृषिविषयक प्रबंध सामान्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात क्वचितच असतात. परभणी येथे १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ), त्याच्या ग्रंथालयात ते पाहावयास मिळतात. अलीकडे कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या राष्ट्रीय संगणकीय भांडारातही ठेवले जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे भांडार सहसा कोणी दाखवीत नाही, आणि कृषीच्या विद्यार्थ्याला दर्शनिका. विषयांच्या भिंती ग्रंथालयात नसतात. त्या विभागांत असतात.

नांदेडचे विद्यापीठ : १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, परभणी व लातूर हे जिल्हे, आणि पुढे हिंगोली, त्याच्या क्षेत्रात आले. डोंगरकड्याच्या विद्यार्थ्यास सकाळी बसने निघून सायंकाळी परतता येईल इतके विद्यापीठाचे ग्रंथालय प्रथमच जवळ आले. नव्या ग्रंथालयाची नेहमीची मर्यादा येथेही होती : चालू ग्रंथ व नियतकालिके मिळविता येतात, पण मागील शतकाची नियतकालिके व दुर्मिळ अहवाल अनुदान देऊनही विकत मिळत नाहीत. अशा वेळी आंतर-ग्रंथालयीन देवघेव आणि छायाप्रत यांवर भिस्त ठेवावी लागते. औरंगाबादच्या विद्यापीठाने छत्तीस वर्षांत जमविलेले प्रबंध तेथेच राहिले, ही गोष्टही स्वाभाविकच होती.

संगणकीय साधने : विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ग्रंथालयांच्या संगणकीय जोडणीसाठी ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प हाती घेतला, १९९६ मध्ये त्यास स्वायत्त केंद्राचा दर्जा मिळाला. महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही योजना २०१० मध्ये सुरू झाली. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी विद्यावाचस्पती पदवीपूर्वी संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम आवश्यक ठरविला आणि प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. त्यातून ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार उभे राहिले. वाङ्‌मयचौर्याविषयीचे विनियम २०१८ मध्ये आले व २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम संशोधक विद्यार्थ्यांस सक्तीचा झाला. ग्रंथपालास या अभ्यासक्रमांत शिक्षक म्हणून स्थान मिळू शकते. रंगनाथन यांनी आग्रहाने सांगितलेली दीक्षा अशा रीतीने नियमांच्या वाटेने परत आली. पण ती पदवीच्या पहिल्या वर्षाऐवजी विद्यार्थी संशोधनास नोंदणी करतो तेव्हा, म्हणजे पुष्कळ उशिरा, दिली जाते.

मराठी प्रबंधांच्या बाबतीत शोधगंगेचा उपयोग करताना एक तांत्रिक अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखन निरनिराळ्या खाजगी टंकांत होत असे. त्या प्रबंधांची पृष्ठे पडद्यावर शुद्ध मराठी दिसतात; पण संगणकाच्या दृष्टीने त्यांत रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी असते. काही प्रबंध तर केवळ पृष्ठांची छायाचित्रे आहेत. ‘डोंगरकडा’ किंवा ‘कळमनुरी’ हा शब्द प्रबंधात पन्नास वेळा आलेला असला, तरी शोधाच्या चौकटीत तो लिहून प्रबंध सापडत नाही. शीर्षक, विभाग आणि मार्गदर्शकाचे नाव यांवरून जावे लागते, अनुक्रमणिका उघडून प्रकरणे पाहावी लागतात. म्हणजे पत्रतालिकेच्या काळातील सवयीच येथे उपयोगी पडतात. वाङ्‌मयचौर्य शोधणाऱ्या प्रणालींनाही असा मजकूर वाचता येत नाही, आणि त्यामुळे मराठीतील उसनवारी इंग्रजीतील उसनवारीइतक्या सहजासहजी उघडकीस येत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रु. तरतूद असलेली ही योजना १ जानेवारी २०२५ पासून अमलात आली. तीत ३० प्रकाशकांची सु. १३,००० नियतकालिके अंतर्भूत आहेत. योजनेची व्याप्ती केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन-संस्था अशी ठरविण्यात आली. मराठवाड्यातील बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांनी चालविलेली आहेत, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. शिवाय ही नियतकालिके प्रामुख्याने इंग्रजी आहेत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास त्यांतून जे मिळेल, ते मराठवाड्याच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यास मिळणार नाही.

महाविद्यालयीन स्तर : राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) चार वर्षांच्या पदवी-अभ्यासक्रमात अखेरच्या वर्षी संशोधनाची तरतूद आहे, महाराष्ट्रात त्याआधीच्या वर्षांतही विद्यार्थ्यांकडून क्षेत्रप्रकल्प करवून घेतले जातात. त्यामुळे संशोधनाची जागा विद्यापीठाच्या आवारातून तालुक्याच्या महाविद्यालयाकडे सरकू लागली आहे. असा प्रकल्प करणारा विद्यार्थी बहुधा आपल्याच गावाचा विषय निवडतो. त्याच्याजवळ विद्यापीठाच्या कोणत्याही ग्रंथालयात नसलेली साधने असतात : ग्रामपंचायतीची दप्तरे, शाळेची जुनी पटनोंद, घरातील मोडी कागद, वृद्धांच्या आठवणी. त्यांना दर्शनिका, जनगणना व जुने प्रबंध यांची जोड दिली, तर लहानसा प्रकल्पही नवी माहिती देऊ शकतो; ती जोड नसेल, तर दर्शनिकेतील तेच परिच्छेद पुन्हा उतरविले जातात. दर्शनिका विभागाने जुने खंड संगणकावर उपलब्ध करून दिल्यामुळे निदान ग्रंथ मिळत नाही ही सबब आता उरलेली नाही.

मोडी लिपीचे वर्ग व परीक्षा पुराभिलेख संचालनालय घेते, काही विद्यापीठांतही मोडीचे प्रमाणपत्र-अभ्यासक्रम चालतात आणि त्यांना विद्यार्थी मिळतात. फार्सी कागदांच्या शिकस्ता लिपीचे असे शिक्षण मराठवाड्यात विरळा आहे. त्यामुळे हैदराबादच्या दप्तरातील या प्रदेशाचे कागद वाचण्यासाठी येथील संशोधकास बहुधा दुसऱ्याने केलेल्या इंग्रजी किंवा उर्दू गोषवाऱ्यावर अवलंबून राहावे लागते.